बिनतारखेचा राजीनामा

माझे सासरे श्रीहरी मुजुमदार यांच्याबद्दल मी लिहिणार म्हटल्यावर घरात सगळ्यांना वाटलं, सून आहे, गोडच लिहील. तसं काही नाही. या माणसानं लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मला चहाबरोबर एका कायद्याचा नववा नियम वाचून दाखवला होता. मी मध्येच बिस्किटं आणायला उठले, तर परत आल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी नाशिकची. पीथमपूरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला आले आणि इथल्याच विक्रांतशी लग्न करून राहिले. इंदूरचं मराठी घर कसं असेल याचे माझे काही अंदाज होते. त्यात कायद्याचं पुस्तक नव्हतं.

पुस्तक म्हणजे जेमतेम चाळीस पानांची पुस्तिका. आमच्या छत्रीबागेसाठी आणि आसपासच्या वस्त्यांसाठी एक लहानसं जलमंडळ आहे. चार सदस्य आणि एक अध्यक्ष. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, कुठला पाइप आधी बदलायचा, हे मंडळ ठरवतं. बाबा त्याचे सदस्य. नववा नियम असं सांगतो, की सदस्य एकदा नेमला की पाच वर्षं त्याला कुणी हलवू शकत नाही. काढायचंच असेल तर लेखी आरोप हवा, सुनावणी हवी आणि कारण कागदावर यायला हवं. त्यानं मत कुणाच्या बाजूनं दिलं, हे कारण चालत नाही. आणि राजीनामा द्यायचा तर तो सदस्यानं स्वतःच्या अक्षरात, स्वतः तारीख टाकून द्यायचा.

आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हा नियम तोंडपाठ आहे. मनोरमाबाई या आमच्या घरच्या कायमच्या अध्यक्ष. आमटीत मीठ कमी आहे असं बाबा म्हणाले, की त्या म्हणतात, "लेखी द्या. मग सुनावणी करू." बाबा निमूटपणे मीठ वाढून घेतात.

नियमाचं एवढं वेड कशासाठी, ते मला तीन वर्षांनी कळलं. बाबा सरकारी पाणी खात्यात ड्राफ्ट्समन होते. चौतीस वर्षं त्यांनी पाइपांचे नकाशे काढले. त्यांचं अक्षर अजूनही तसंच आहे, किराण्याची यादीसुद्धा छापून आणल्यासारखी असते. त्यांचा चार आणि त्यांचा सात साऱ्या छत्रीबागेत ओळखला जातो. एका रविवारी त्यांनी कपाटातून एक जुना निळा नकाशा काढला आणि माझ्यासमोर पसरला. खान नदीच्या अंगाला ज्या तीन गल्ल्या आहेत, त्यांच्या पाइपचा तो नकाशा होता, १९८७ सालचा. बाबांनी आधी तो पाइप वरच्या अंगानं, शाळेच्या भिंतीलगत काढला होता. साहेब म्हणाले, नाल्याच्या कडेनं काढा, खोदाई कमी लागेल. बाबा म्हणाले, नाल्याला लागून नको, उद्या सांधा सैल झाला तर घाण आत ओढली जाईल. त्यावर साहेबांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, मुजुमदार, झाबुआला एक जागा रिकामी आहे. झाबुआ म्हणजे तेव्हाचा आडवळणाचा जिल्हा, शिक्षेच्या बदलीचा.

विक्रांत तेव्हा सहा महिन्यांचा होता आणि सारखा आजारी असायचा. बाबांनी रबर घेतलं, रेघ पुसली आणि नाल्याच्या कडेनं काढली.

"खाली बघ," बाबा मला म्हणाले. "सही माझी आहे."

निवृत्तीनंतर मंडळावर नेमणूक झाली आणि ती पुस्तिका त्यांच्या हाती पडली. नववा नियम त्यांनी त्या दिवशी किती वेळा वाचला कोण जाणे. "इथं बदली नाही गं," ते मला म्हणाले होते. "इथं माणूस ना म्हणू शकतो." चौतीस वर्षं जो शब्द ओठांवर आणता आला नाही, तो म्हणायला त्यांना सत्तरी गाठावी लागली. मला त्या दिवशी त्यांची फार माया वाटली, हे मी इथं सरळ सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्यावर भरपूर चिडले आहे.

आमच्या घराला त्या पाइपचा थेंबही येत नाही. आमचं पाणी वरच्या टंकीचं, स्वच्छ. पण दर सोमवारी खालच्या गल्ल्यांतले लोक बाटलीत पाणी घेऊन आमच्या ओट्यावर येतात. कुणी दाखवायला येतं, कुणी भांडायला. बाबा प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवतात, गल्ली, घर, वार आणि वेळ, सगळं त्या सुरेख अक्षरात, आणि बाटल्या खिडकीत रांगेनं लावतात. सूर्यप्रकाशात पिवळेपणा कळतो म्हणे. "घरात देव कमी आणि बाटल्या जास्त," असं आई म्हणतात, पण झाडताना एकही बाटली हलू देत नाहीत. तिसऱ्या गल्लीतली शिखा, जी इस्त्रीचं काम करते, तिची बाटली नेहमी पहिली असते. तिची मुलगी दोन वर्षांची आहे आणि गेल्या पावसाळ्यात दोनदा दवाखान्यात राहून आली. मी शिखाची बाटली आमच्या प्रयोगशाळेत तपासली होती. त्यात काय निघालं ते मी आईंना जेवताना सांगितलं नाही. शिखाला एवढंच सांगितलं, वीस मिनिटं उकळल्याशिवाय देऊ नको. ती म्हणाली, "दीदी, इतनी गैस कहाँ से लाऊँ."

आता मुख्य गोष्ट. या वर्षी मंडळाला एकाच ठिकाणी नवा पाइप टाकता येणार होता. एका बाजूला या तीन गल्ल्या. दुसऱ्या बाजूला बेटमा रस्त्यावरची एक नवी कॉलनी, जिथं अजून लाइनच नव्हती. कॉलनीतले लोक काही राक्षस नव्हते, त्यांनाही टँकरचा कंटाळा आला होता. फरक इतकाच, की त्यांच्या बिल्डरला वरपर्यंत फोन लावता येत होता आणि शिखाला येत नव्हता. चार सदस्यांपैकी दोघं कॉलनीच्या बाजूचे. बाबा आणि निवृत्त शिक्षिका इंदुमतीबाई रेगे हे दोघं गल्ल्यांच्या बाजूचे. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत. दोन विरुद्ध दोन झाले तरच त्यांना द्यावं लागतं. बैठक चौदा तारखेची होती.

अध्यक्ष म्हणजे श्रीकृष्णकाका बक्षी. बाबांचे सहावीपासूनचे मित्र. बाबा जितके सरळसोट, तितके काका गोडबोले. दोघं एकमेकांना अजून अरेतुरे करतात आणि भांडण किंवा गळ घालायची वेळ आली की इंदुरी "भिया", म्हणजे भाऊ, म्हणतात. दहा तारखेला सकाळी काका गरम कचोऱ्या घेऊन आमच्याकडे आले. मी कामावर निघाले होते, पण कचोरीच्या वासानं पाच मिनिटं थांबले. ती पाच मिनिटं मला महागात पडली.

"वहिनी, पहले खाऊन घ्या, ठंडी होईल," काका आईंना म्हणाले. मग खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसले आणि बराच वेळ हवापाण्याचं बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "श्रीहरी, बात अशी आहे भिया. चौदा तारखेला तू नसलास तर बरं."

"मी का नसेन? तब्येत ठीक आहे माझी."

"त्या पत्रात तर तब्येतीचंच लिहिलंय ना," काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला.

तो बाबांचा राजीनामा होता. बाबांच्या अक्षरात, बाबांच्या सहीचा. प्रकृतीच्या कारणामुळे आपण सदस्यपद सोडत आहोत, असं त्यात लिहिलं होतं. फक्त तारखेची जागा कोरी होती.

मी बाबांकडे बघितलं. ते कागदाकडे बघत होते. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. या मंडळात एक रीत होती, पुस्तिकेत कुठंही न लिहिलेली. पहिल्या बैठकीच्या दिवशी प्रत्येक सदस्यानं असं एक बिनतारखेचं पत्र अध्यक्षांच्या हाती द्यायचं. त्याला ते लोक विश्वासाचा कागद म्हणत. कुणी दिलं नाही तर काही बिघडत नव्हतं, पण वाईट दिसलं असतं. चौघांनीही दिलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "पाच वर्षं मला कुणी हलवू शकत नाही, असं तुम्ही सगळ्या गावाला सांगत होतात."

"हो."

"आणि हे पत्र लिहून देऊन बसला होतात."

"ते तर श्रीकृष्णला दिलं होतं," बाबा म्हणाले. श्रीकृष्णकाका त्यांच्या लेखी 'कुणी'मध्ये मोडतच नव्हते.

मला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. चाळीस पानांची पुस्तिका ज्यानं पाठ केली, त्यानंच तिला आपल्या हातानं भोक पाडून ठेवलं होतं, आणि तेही केवळ भिडेपोटी. पहिल्या दिवशी मित्रानं मागितलं, नाही कसं म्हणायचं.

"तारीख मीच टाकली असती," काका म्हणाले, "पण तुझा आकडा कोणाला जमणार, यार? धनेश बाबू एका नजरेत पकडेल. तू फक्त तारीख टाक. बस. पुढच्या साली गल्ल्यांचं बघू, माझा शब्द."

धनेश म्हणजे मंडळाचा कारकून. त्याच्याकडे बाबांच्या हाताचे चार वर्षांचे कागद होते.

"काका," मी म्हटलं, "ही कचोरी तारीख टाकण्याआधी खायची की नंतर?"

आईंनी माझ्याकडे डोळे वटारले. काकांनी मात्र वर बघितलं नाही. स्वतः आणलेल्या कचोरीला त्यांनी हातही लावला नव्हता, हे मला तेव्हा दिसलं, पण त्याचा अर्थ लावायच्या मनःस्थितीत मी नव्हते. ते उठले. "कागद इथंच ठेवून जातो," म्हणाले. "चौदाला घेऊन ये."

ते गेल्यावर मी म्हटलं, "फाडून टाका, बाबा. विषय संपला."

"नाही गं. दिलेली चीज आहे. कागद त्याचा आहे."

"मग चौदाला जाऊन सांगा, मी हे परत घेतो."

"पन्नास-साठ सालांत त्यानं माझ्याकडे काही मागितलं नाही," बाबा म्हणाले. "माझे वडील गेले तेव्हा तेरा दिवस तो आमच्या घरी राहिला होता. आता पहिल्यांदा मागतोय."

पुढचे चार दिवस बाबांनी नववा नियम एकदाही म्हणून दाखवला नाही. घर अगदी सुनं झालं. ते खिडकीशी बसत, एकेक बाटली उचलून उजेडात धरत आणि परत ठेवत. तो कागद पुस्तिकेत घालून ठेवला होता आणि पुस्तिका शर्टाच्या खिशात. विक्रांत म्हणाला, बाबांना त्रास होतो आहे, सोडू दे ना ते मंडळ, या वयात हे टेन्शन कशाला. मलाही क्षणभर तसंच वाटलं. बाबांचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. पत्रातलं 'प्रकृतीच्या कारणामुळे' हे जे वाक्य खोटं होतं, ते आता खरं व्हायला लागलं होतं.

तेरा तारखेला दुपारी आई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. मी सुट्टी घेतली होती, आत कपड्यांच्या घड्या घालत होते. दार उघडं होतं, म्हणून ऐकलं. चोरून ऐकलं असं म्हणायला माझी हरकत नाही.

"काय ठरवलं?" आईंनी विचारलं.

"काही समजत नाही, मनोरमा. इकडं श्रीकृष्ण, तिकडं त्या गल्ल्या."

आई म्हणाल्या, "एक गोष्ट सांगू? अडतीस वर्षं मनात आहे. तुम्ही मला तेव्हा विचारलंच नाही."

"काय?"

"झाबुआला चलशील का म्हणून. घरी येऊन सांगितलं की रेघ पुसली. पुसायच्या आधी विचारलं नाही. मी आले असते, अहो. विक्रांतला घेऊन आले असते. तिथंही डॉक्टर असतातच ना."

मी घडी घातलेला तोच टॉवेल पुन्हा उलगडून पुन्हा घडी घातला.

"तुम्हाला वाटलं, माझी सोय बघताय," आई म्हणाल्या. "पण त्या नकाशावर माझी पण सही झाली ना मग. न विचारता."

मग मला बाबांचा आवाज आला. रडण्याचा नव्हता, पण नेहमीचाही नव्हता. "चूक झाली माझी," ते म्हणाले. आई म्हणाल्या, "ठीक आहे. आता चाय पिऊन घ्या." आणि उठल्या. आत येताना त्यांनी मला बघितलं आणि माझ्या हातातला टॉवेल काढून घेतला.

चौदा तारखेला अकरा वाजता टंकीखालच्या खोलीत बैठक भरली. बैठका लोकांना खुल्या असतात, हेही पुस्तिकेत आहे, पण सहसा कुणी येत नाही. त्या दिवशी मागच्या बाकांवर मी, आई, शिखा आणि खालच्या गल्ल्यांतल्या सात-आठ बायका होत्या. शिखाची मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती.

कामाला सुरुवात व्हायच्या आधीच बाबा उभे राहिले. त्यांनी पुस्तिकेतून तो कागद काढला आणि अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. "हे पत्र मी पहिल्या दिवशी दिलं होतं," ते म्हणाले. "यात तारीख नाही. आणि तब्येत माझी ठीक आहे. हे मी परत घेतो. असं लिहून देणंच माझी चूक होती. धनेश बाबू, कार्यवाहीत लिहा."

बोलताना ते काकांकडे बघत नव्हते, टेबलाच्या कडेकडे बघत होते. पन्नास-साठ वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदाच ते या माणसाला नाही म्हणत होते, आणि तेही दहा माणसांसमोर. त्यांची मान लाल झाली होती. मला उठून त्यांच्याजवळ जावंसं वाटलं. आईंनी माझं मनगट धरून ठेवलं.

काकांनी कागद उचलला, उलटसुलट बघितला आणि बाबांच्या हातात परत दिला. "लिहा, धनेश," ते म्हणाले.

"मग माझंही लिहा," इंदुमतीबाई म्हणाल्या. "माझं पत्र कपाटात असेल. मला परत हवंय." बाकीचे दोघं छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

मग पाइपचा विषय आला. दोन मतं कॉलनीला. दोन मतं गल्ल्यांना. खोलीत सगळ्यांनी काकांकडे बघितलं. मी तर मनात त्यांना शिव्या द्यायची तयारीच करून ठेवली होती. काका ग्लासभर पाणी प्यायले, अगदी शेवटच्या घोटापर्यंत. ते पाणी वरच्याच टंकीचं होतं. मग त्यांनी धनेशकडून नकाशा मागून घेतला, चष्मा लावला आणि नाल्याच्या कडेच्या त्या रेघेवर बोट ठेवलं.

"अध्यक्षाचं मत, पहले खालच्या तीन गल्ल्या," ते म्हणाले. "शाळेच्या भिंतीच्या बाजूनं."

बायकांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. शिखानं मला विचारलं, "दीदी, हो गया क्या?" मी म्हटलं, हो गया. तिनं झोपलेल्या मुलीच्या पाठीवर थोपटलं. बाबा मात्र बसलेल्या जागी तसेच बसून राहिले. बैठक संपल्यावर ते काकांच्या मागे गेले, पण काका "मला जरा काम आहे" म्हणत बाहेर पडले सुद्धा.

त्या दिवशी घरी बाबांनी आईंना दोनदा सांगितलं, की श्रीकृष्ण मनानं चांगलाच आहे, थोडा घाबरट आहे इतकंच. नववा नियमही पुन्हा सुरू झाला. आईंनी सहन केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनेशचा फोन आला. अध्यक्ष श्रीकृष्ण बक्षी यांनी प्रकृतीच्या कारणामुळे राजीनामा दिला असून तो मंजूर झाला आहे, असा कागद वरून आला होता. बाबांचा चेहरा उतरला. प्रकृतीच्या कारणामुळे म्हटल्यावर त्यांना खरंच वाटलं, की काकांना काही झालं. "काल पाणी किती प्यायला तो," ते म्हणाले. "मला तेव्हाच समजायला हवं होतं." चप्पल नीट न घालताच ते माझ्या स्कूटरवर मागे बसले.

काका घरी एकटेच होते. त्यांची मुलगी भोपाळला असते, काकू जाऊन सहा वर्षं झाली. दार त्यांनीच उघडलं. हातात मटाराच्या शेंगा होत्या.

"तब्येत?" बाबांनी दारातच विचारलं.

"ठणठणीत आहे. ये, बस. मटर सोल."

बाबा बसले नाहीत. काकांनी मोबाइलवर त्या पत्राचा फोटो दाखवला. पत्र काकांच्या अक्षरात होतं, पण शाई निळी आणि तारीख काळ्या शाईत, दुसऱ्याच कुणाच्या हाताची. मला तेव्हा कुठं उलगडलं. चार सदस्यांची पत्रं अध्यक्षाकडे. आणि अध्यक्षाचं पत्र त्याच्याही वर, ज्यांनी नेमलं त्यांच्याकडे. काकांनीही पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. दोन विरुद्ध दोन झाले आणि त्यांनी गल्ल्यांना मत दिलं, तर त्या पत्रावर तारीख पडेल, असं त्यांना दहा तारखेच्या आधीच स्पष्ट सांगितलं गेलं होतं. बाबा बैठकीला आलेच नसते तर काकांना मत द्यावंच लागलं नसतं.

मी कचोरीवरून बोलले होते ते आठवून मला मान वर करवेना. "काका, मला माफ करा," मी म्हटलं. ते म्हणाले, "कशाचं? बरोबर बोललीस तू. फक्त कचोरी वाया गेली." आणि त्यांनी माझ्या हातात शेंगांची ताटली दिली.

बाबांनी पुस्तिका काढली होती. "अध्यक्षाला पण नववा नियम लागू आहे," ते म्हणाले. "तारीख तुझ्या हाताची नाही. हा राजीनामा होतच नाही. अपीलला तीस दिवस आहेत. कागद दे."

"राहू दे रे. मला नको ती खुर्ची."

"तुझ्यासाठी कोण करतंय? तुझ्यानंतर जो बसेल, त्याच्याकडून पहिल्या दिवशी कोणी पत्र मागू नये म्हणून."

काका उठून आतून कागद आणि पेन घेऊन आले. बाबांनी मटाराची सालं बाजूला सारून टेबलावर कागद सरळ केला आणि अपील लिहायला घेतलं, त्याच सावकाश, छापील अक्षरात. एक पान, मग दुसरं. काकांनी वाचून सही केली आणि सहीखाली त्या दिवसाची तारीख घातली. बाबांनी ती तपासली. त्या अपिलाची पहिली सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. खालच्या गल्ल्यांत मात्र खोदाई सुरू झाली आहे, शाळेच्या भिंतीलगत.

पण मला सांगायचं आहे ते त्या टेबलावरचंच. सही झाल्यावर बाबांनी पेनाला टोपण लावलं, आणि मग त्यांना राहवलं नाही.

"त्या दिवशी घरी आलास," ते म्हणाले, "कचोरी आणलीस, पत्र ठेवलंस. तुझं पत्र वर अडकलंय, हे एकदा तरी बोलायचं होतंस ना, श्रीकृष्ण. का नाही बोललास?"

काकांनी एक शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले.

"बोललो असतो तर तू तारीख टाकली असतीस."

बाबा नाही म्हणाले नाहीत.